टॉम आणि जेरीच्या घरातली बाई

टॉम आणि जेरी ज्या घरात राहतात ते घर कोणाचं? अ‍ॅनिमेशनचा इतिहास शिकवताना दरवर्षी नव्या वर्गाला मी हा प्रश्न विचारते. उत्तरं पटापट येतात. त्या जाड बाईचं. नाही, ती मोलकरीण आहे. तिचा चेहरा कधी दिसतच नाही. पायातल्या सपाता, घसरलेले मोजे, एप्रन आणि हातातला झाडू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. बाईचं नाव मात्र कोणाला सांगता येत नाही, आणि तिला आवाज कोणी दिला हे तर नाहीच नाही.

नाव मॅमी टू शूज. १९४० साली एमजीएम स्टुडिओत विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी ‘पस गेट्स द बूट’ हा लघुपट केला, तेव्हापासून ती आहे. त्यात मांजराचं नाव टॉम नव्हतं, जास्पर होतं. बाई मात्र तीच होती. १९५२च्या ‘पुश-बटन किटी’त ती शेवटची दिसली. तिचा आवाज होता लिलियन रँडॉल्फ यांचा. त्या रेडिओवर गाजलेल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री. १९४६च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या चित्रपटात त्यांनीच घरकाम करणाऱ्या अ‍ॅनीची भूमिका केली होती. या मालिकेने सात ऑस्कर मिळवले, पण त्या लघुपटांच्या श्रेयनामावलीत रँडॉल्फ यांचं नाव नाही.

जुन्या कौटुंबिक करमणुकीत आजच्या दृष्टीने खटकणारं काही सापडलं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आमच्या बालपणाला हात लावू नका. दुसरा म्हणतो, अपमान आहे, कापून टाका. माझा विषय जुन्या फिती असल्यामुळे मी तिसरीच गोष्ट बघत बसते: कापताना प्रत्यक्षात काय कापलं गेलं?

मॅमीबद्दलचा आक्षेप खरा होता, हे आधी स्वच्छ सांगते. गोऱ्यांच्या घरी राबणारी, स्थूल, फडकं गुंडाळलेली, मायाळू पण सतत ओरडणारी काळी बाई हा साचा अमेरिकेच्या करमणुकीत एकोणिसाव्या शतकापासून चालत आला होता. गुलामगिरीचं वास्तव गोड करून सांगण्यासाठी तो वापरला गेला. हॅटी मॅकडॅनियल यांना ‘गॉन विथ द विंड’मधल्या अशाच भूमिकेसाठी १९४०च्या समारंभात ऑस्कर मिळालं, आणि त्याच समारंभात त्यांना सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने असल्या भूमिकांविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. तो विरोध माझ्या मते योग्यच होता.

पुढे १९६५ साली सीबीएसवर शनिवारी सकाळी टॉम अँड जेरी दाखवायचं ठरलं. तेव्हा नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती. मॅमी जशीच्या तशी घरोघरी पाठवणं वाहिनीला परवडणारं नव्हतं. तिला बदलण्याचं काम अ‍ॅनिमेशन-दिग्दर्शक चक जोन्स यांच्या स्टुडिओकडे आलं.

हे काम कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. त्या काळच्या अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक पात्र सेल म्हटल्या जाणाऱ्या पारदर्शक पानावर रंगवायचं, खाली पार्श्वभूमी ठेवायची, आणि सगळे थर एकावर एक रचून एकेक चौकट कॅमेऱ्याने टिपायची. सेल वेगळे असले तरी फितीवर उतरल्यावर सगळं एकजीव होतं. त्यातून एकच पात्र उचलून बाजूला काढता येत नाही. म्हणजे बाईचे पाय तेवढे बदलायचे म्हटले तरी ती दृश्यं नव्याने रेखाटून पुन्हा कॅमेऱ्याखाली घालावी लागतात. हा खर्च त्यांनी केला. काही भागांत मॅमीच्या जागी गोरी बाई आली आणि आवाज-अभिनेत्री जून फोरे यांनी तिला आयरिश हेल दिला.

सगळ्यात बोलकं उदाहरण १९५०च्या ‘सॅटरडे इव्हिनिंग पस’चं. मूळ लघुपटात मॅमी शनिवारी संध्याकाळी नटूनथटून, दागिने घालून मैत्रिणींच्या क्लबात ब्रिज खेळायला निघते. घर रिकामं होताच टॉम गल्लीतल्या बोक्यांना जमवून जॅझचा धिंगाणा सुरू करतो. झोपमोड झालेला जेरी शेवटी तिला क्लबात फोन लावतो. ती तरातरा घराकडे धावत येते, आणि या धावण्यात क्षणभर तिचा चेहरा दिसतो. तिला स्वतःची संध्याकाळ आहे, मैत्रिणी आहेत, आवडीचा खेळ आहे, चेहराही आहे. झाडू नाही. साच्यातून ती एवढी बाहेर दुसऱ्या कुठल्या भागात आलेली मला दिसत नाही. आणि नेमकी इथेच तिला पुसली. बदललेल्या प्रतीत एक सडपातळ गोरी तरुणी नटते आणि मित्राबरोबर नाचायला जाते. अपमानावर उपाय म्हणून ज्या बाईचा अपमान होत होता तिलाच घराबाहेर काढलं, आणि तिची शनिवारची संध्याकाळ दुसरीला देऊन टाकली.

१९९०च्या दशकात टर्नर कंपनीने वेगळा मार्ग धरला. चित्र मूळचंच ठेवलं, पण आवाज बदलला. अभिनेत्री थिया व्हिडाल यांच्याकडून संवाद नव्याने म्हणवून घेतले आणि बोलीतला अतिरेक काढला. हेतू चांगला होता. पण त्यात रँडॉल्फ यांचं काम झाकलं गेलं. पडद्यावर चेहरा नाही, श्रेयनामावलीत नाव नाही, आता आवाजही नाही. पात्र कृत्रिम होतं, हे मान्य. त्या साच्यात राहूनही रँडॉल्फ यांनी जे केलं, म्हणजे ‘थॉमस!’ अशी हाक मारताना धमकीआधीचा तो लांबवलेला स्वर, विनोदाची वेळ साधणं, ते एका कसलेल्या कलावंताचं काम होतं.

डिस्नेच्या ‘फँटेशिया’तही हेच झालं. १९४०च्या त्या चित्रपटात गोऱ्या अश्वकन्यांचे खूर घासणारी एक छोटी काळी दासी आहे. १९६९च्या पुनःप्रदर्शनात तिची दृश्यं काढली. नंतरच्या एका आवृत्तीत चित्र मोठं करून तिला कडेबाहेर ढकललं. ज्यांची सेवा ती करत होती त्या सुंदऱ्या जागच्या जागी राहिल्या.

सगळे बदल वाईट असतात असं मी म्हणत नाही. १९३३च्या ‘थ्री लिटिल पिग्ज’मध्ये लांडगा ज्यू फेरीवाल्याच्या वेषात येतो. १९४८च्या पुनःप्रदर्शनाच्या वेळी डिस्नेने ते दृश्य नव्याने रेखाटलं. कर्त्यानेच आपलं काम सुधारलं. शिवाय तिथे होतं ते फक्त सोंग. ते गेलं ते बरं झालं. रंगमंचावर तर बदल हा धर्मच आहे. आपल्याकडच्या तमाशात वगातले संवाद गावागणिक आणि दिवसागणिक बदलतात, आणि ते तसेच बदलायला हवेत. डिस्नेच्या अमेरिकेतल्या उद्यानांत ‘साँग ऑफ द साउथ’ या जुन्या चित्रपटावर बेतलेली स्प्लॅश माउंटन ही सफर बंद करून २०२४ साली तिथे टियाना या कृष्णवर्णीय राजकन्येची सफर सुरू केली, त्यातही मला काही गैर वाटत नाही. मुलं आज त्या नावेत बसतात, ती आजची जागा आहे. फीत मात्र त्या काळातल्या माणसांची साक्ष असते, आणि साक्षीत खाडाखोड केली की फसवणूक पुढच्या पिढीची होते.

आता कठीण भाग. १९४८च्या ‘माउस क्लीनिंग’च्या शेवटी कोळशाने माखलेला टॉम काळ्या माणसाचं आळशी, रेंगाळतं सोंग घेतो. १९५१च्या ‘कॅसानोव्हा कॅट’मध्ये धुराने काळ्या झालेल्या जेरीला नाचायला लावतात. या दोन्ही जागी पूर्वी हसणारा प्रेक्षक कशाला हसत होता, यात शंका नाही. २०१३ साली अमेरिकेत येऊ घातलेल्या संचातून हे दोन लघुपट वगळले, चाहत्यांनी आक्षेप घेतला आणि तो संचच अडकला. चाहत्यांची पूर्णतेची मागणी मला समजते. पण पाच वर्षांच्या मुलापुढे हे लघुपट कार्यक्रमाच्या ओघात, काही न सांगता येऊ नयेत, असंच माझं मत आहे.

वाट उपलब्ध आहे. २००५च्या टॉम अँड जेरी संचात अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग स्वतः समोर येऊन मॅमीबद्दल बोलतात: हे चुकीचं होतं, आणि हे काढून टाकणं म्हणजे असं कधी घडलंच नाही असं भासवणं. २०२०च्या जूनमध्ये एचबीओ मॅक्सने ‘गॉन विथ द विंड’ काही काळ मागे घेतला आणि चित्रपट-अभ्यासक जॅकलिन स्ट्युअर्ट यांच्या प्रास्ताविकासह परत आणला. डिस्नेने २०२१ साली आपल्या स्ट्रीमिंग सेवेवर ‘डंबो’, ‘पीटर पॅन’ यांसारखे चित्रपट लहान मुलांच्या खात्यातून काढले, मोठ्यांच्या खात्यात सूचनेसह ठेवले. सूचनेची पाटी मला अपुरी वाटते, कारण ती कोणी वाचत नाही. माणूस समोर येऊन बोलतो तेव्हा ऐकलं जातं.

आपल्या घरांत हा प्रश्न परका वाटू शकतो. पण १९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आलं ते टर्नरचंच, आणि आपली एक पिढी टॉम अँड जेरी पाहत वाढली. सुट्टीत मुलं हे लघुपट पाहतील तेव्हा मूळ आवाजाची प्रत मिळते का ते जरूर शोधा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला समजेल एवढं सांगता येतं: या बाईचा चेहरा का दाखवत नसत, तिच्या हातात कायम झाडूच का दिला होता. ‘सॅटरडे इव्हिनिंग पस’पासून सुरुवात करा, आणि लिलियन रँडॉल्फ हे नाव मुलांना सांगा, कारण पडद्यावर ते येणार नाही.