शिकाऊ हात, पण शिकवणार कोण?

मुलीला कंपनीत वर्षभरासाठी 'ॲप्रेंटिस' म्हणून घेतल्याचे पत्र येते आणि घरात पेढे येतात. चार-सहा महिन्यांनी आई सहज विचारते, "काय गं, काय काय शिकलीस?" तेव्हा कळते, की डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा असला तरी दिवस जातो तो झेरॉक्स काढण्यात आणि फायलींना नंबर घालण्यात. ती तक्रार करत नाही. पुढेमागे इथेच चिकटता येईल, ही आशा असते. 'उमेदवारी' या शब्दातच उमेद आहे, आणि काही मालकांना ती पुरेपूर वापरता येते.

१९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा मात्र त्यांना एवढी मोकळीक देत नाही. पदवीधर आणि डिप्लोमाधारक १९७३ च्या दुरुस्तीने त्यात आले. मालकाला स्वतःला ते काम येत नसेल, तर जाणकार माणूस प्रशिक्षणावर नेमणे हे त्याचे कर्तव्य आहे. उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवायची. नगावर पैसे द्यायचे नाहीत, ठरलेले विद्यावेतनच द्यायचे. जादा वेळ थांबवायचे, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मंजुरी हवी. यंत्रावर बोट सापडले, तर 'तो आमचा कामगार नव्हे' म्हणून हात झटकता येत नाहीत. भरपाई द्यावीच लागते.

शिवाय सरकार खर्चाला हातभार लावते. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना १५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्राकडून येतो. महाराष्ट्राने २०२४ मध्ये वेगळी कार्यप्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना ठरले, तेही सगळे सरकारी तिजोरीतून. म्हणजे माणूस जवळजवळ फुकट! मोह होतो तो इथेच.

लहान कारखानदाराचेही एक म्हणणे असते. माल वेळेवर द्यायचा, की पोरांना शिकवत बसायचे? जुना फिटर तासभर नवख्याजवळ उभा राहिला, तर त्याचे स्वतःचे काम मागे पडते, हे खरेच आहे. पण तो तास परवडावा म्हणून तर जनतेचा पैसा दिला जातो. तास द्यायचा नसेल, तर उमेदवार घेऊ नये. एरवी शिकवायला फार थाटमाट लागत नाही. पहिल्या दिवशी यंत्राचे धोके सांगावेत, कोणाला विचारायचे ते एक नाव द्यावे, दोन-तीन महिन्यांनी विभाग बदलावा. अनेक वर्कशॉपमध्ये एखादे चाचा किंवा अण्णा हे कोणी न सांगताच करतात.

वर्ष संपल्यावर नोकरी मिळेलच, अशी हमी कायदा देत नाही. हातात राहते ते शिकलेले कामच. म्हणून रुजू होताना जो करार होतो, त्याची एक प्रत घरी आणून नीट वाचावी. मालकाने अटी न पाळल्यामुळे करार मोडला, तर भरपाई त्याने द्यायची असते, आणि वाद झालाच तर सल्लागाराकडे दाद मागता येते. अर्ज साध्या कागदावर लिहावा आणि त्यावर पोच घ्यायला विसरू नये.