माझ्या संगणकावर टिकलेले प्लगिन

कोल्हापुरात आमचा फोटो स्टुडिओ आहे. कॅमेरा भाऊ सांभाळतो, एडिटिंग माझ्याकडे. लग्नसराईत हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन असे फोटो एकामागोमाग एक येत राहतात. मधूनच कुणीतरी घरातला जुना, बुरशी लागलेला फोटो घेऊन येतं आणि मोठा करून मागतं. या धंद्यात नव्यानं आलेली मुलं मला विचारतात, “ताई, कोणता प्लगिन चांगला?” मी उलट विचारते, “तुझा वेळ कुठं जातो?” याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठल्याच प्लगिनचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

माझा वेळ जायचा नॉइज काढण्यात. मंगल कार्यालयातली संध्याकाळची लग्नं, वर रंगीबेरंगी एलईडी, आयएसओ ६४००च्या घरात. नवरदेवाच्या काळ्या कोटावर आणि नवरीच्या केसांत रंगीत दाणे उठायचे. त्यासाठी घेतलेला प्लगिन बरीच वर्षं चालला, त्याचे पैसेही वसूल झाले. मग एप्रिल २०२३मध्ये रॉ फाइलवर चालणारं एआय डीनॉइझ लाइटरूममध्येच आलं आणि मी त्या प्लगिनची पुढची आवृत्ती घेणं बंद केलं. त्याआधी २०२१च्या ऑक्टोबरात फोटोतला मुख्य विषय किंवा आकाश आपोआप निवडणारं मास्किंग आलं, तेव्हाही असंच झालं होतं. म्हणून दर वर्षी सीझन संपला की मी आधी मूळ सॉफ्टवेअरमध्ये नवीन काय आलंय ते बघते. जे घरात आहे ते बाहेरून विकत आणायचं नाही.

दुसरा हिशेब डिस्कचा, आणि तो फारसं कुणी करत नाही. लाइटरूममधून फोटो प्लगिनकडे पाठवला की त्याची सहसा टिफ प्रत तयार होते. २४ मेगापिक्सेलचा फोटो, तीन रंग, प्रत्येक रंगाला १६ बिट, म्हणजे एका प्रतीचे १४४ एमबी. अल्बमसाठी निवडलेले ३०० फोटो असे पाठवले तर एका लग्नाचे ४३ जीबी होतात. त्यामुळे प्लगिनकडे मी फक्त मोठे छापायचे फोटो पाठवते. फोटोशॉपमध्ये काम असेल तर लेअर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घेते. मग प्लगिन स्मार्ट फिल्टर म्हणून बसतो आणि गिऱ्हाइकानं “चेहरा जरा जास्तच गुळगुळीत झालाय” म्हटलं की तो पुन्हा उघडून स्लायडर मागं घेता येतो. ज्या प्लगिनला हे जमत नाही तो मी सहसा घेत नाही.

त्वचा गुळगुळीत करणाऱ्या प्लगिनबाबत मी फार कडक आहे. यातले बरेच प्लगिन त्वचेचा रंग ओळखून मास्क बनवतात. आपल्याकडच्या नवरीच्या फोटोत मात्र गव्हाळ चेहरा, त्यावरची हळद आणि शालूची सोनेरी जर हे सगळं रंगांच्या एकाच पट्ट्यात येतं. एका नावाजलेल्या प्लगिननं चेहऱ्याबरोबर जरीचे काठही असे पुसले की पैठणीवरचे मोर नुसते पिवळे डाग दिसायला लागले. म्हणून कंपनीनं दाखवलेल्या ‘आधी-नंतर’च्या नमुन्यांवर मी भरवसा ठेवत नाही. आपला फोटो लावायचा, १०० टक्के मोठा करायचा आणि तीन जागा बघायच्या: नथीचा मोतीन् मोती सुटा दिसतो का, जरीचा धागा शाबूत आहे का, आणि कपाळावर केस उगवतात तिथली बारीक लव राहिली का. तिन्ही राहिलं तर पुढं बोलायचं.

रंगासाठी आणि कृष्णधवल फोटोसाठी माझ्याकडं निक कलेक्शन टिकून आहे. त्यातले कंट्रोल पॉइंट मला मनापासून आवडतात. गालावर एक बिंदू ठेवायचा, वर्तुळ लहानमोठं करायचं, की त्या वर्तुळातला तेवढ्याच रंगाचा भाग उजळतो. मास्क रंगवत बसावं लागत नाही. या संचाचा इतिहासही खरेदीआधी माहीत असावा असा आहे. गूगलनं २०१२मध्ये निक सॉफ्टवेअर विकत घेतलं, पुढच्या वर्षी सुमारे ५०० डॉलरचा संच १४९ डॉलरवर आणला आणि मार्च २०१६मध्ये फुकट करून टाकला. मग २०१७मध्ये फ्रान्सच्या डीएक्सओनं तो घेतला आणि त्यांच्या नव्या आवृत्त्यांना पुन्हा पैसे पडू लागले. प्लगिनचा मालक बदलतो तशी किंमत आणि दुरुस्त्या दोन्ही बदलतात. फुकट मिळालं म्हणून सगळं काम एकाच प्लगिनवर टाकू नये.

फुकटातलंही उत्तम काम असतं. गिंप या फुकट फोटो-एडिटरसाठीचा जीमिक हा प्लगिन फ्रान्समधल्या कां शहराच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाला, त्यात ५००हून जास्त फिल्टर आहेत. मला त्यातले मोजकेच लागतात. जुन्या फोटोंसाठी मात्र माझा हात गिंपच्याच रीसिंथेसायझर या प्लगिनकडे जातो.

कागलकडच्या एक आजी त्यांच्या आईचा फोटो घेऊन आल्या होत्या. पोस्टकार्डाएवढा कागद, पदरावर बुरशीची जाळी, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. आजी शेजारीच बसल्या होत्या, म्हणून चेहरा आपोआप सुधारणारा एक एआय प्लगिन त्यांच्यासमोरच लावून बघितला. पडद्यावर पापण्यांचे केस मोजता येतील इतका स्वच्छ चेहरा आला, पण गोंदण गेलं होतं. प्लगिननं ते डागात जमा केलं होतं. डोळ्यांचा आकारही बदलला होता. आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “पोरी, ही माझी आई न्हवं.”

असे प्लगिन ढीगभर चेहरे शिकून ‘इथं बहुधा असं असेल’ म्हणून तपशील भरतात. ज्या माणसाचा एकच फोटो उरला आहे, त्याच्या चेहऱ्यावर ‘बहुधा’ला जागा नाही, हे माझं ठाम मत आहे. रीसिंथेसायझर आजूबाजूचा पोत बघून निवडलेली जागा भरतो. पॉल हॅरिसन यांच्या पीएचडीच्या कामातून तो आला आणि फोटोशॉपमध्ये २०१०ला कंटेंट-अवेअर फिल आलं त्याच्या आधीपासून गिंपमध्ये होता. मागचा पडदा आणि पदर मी त्यानं भरला. काठाच्या नक्षीवर आणि चेहऱ्यावर तो लावलाच नाही, तिथं क्लोन टूल घेऊन हातानं काम केलं. आजींनी फोटो नेला तेव्हा गोंदणाचा ठिपकान् ठिपका जागेवर होता.

एक गोष्ट मात्र सांभाळा. मार्च २०२५मध्ये गिंप ३.० आलं आणि पायथन २मध्ये लिहिलेले जुने प्लगिन त्यात चालेनासे झाले. मी २.१० काढून टाकलेलं नाही. मूळ सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी आपले प्लगिन नव्या आवृत्तीत चालतात का, हे आधी बघून घ्यावं. ऐन लग्नसराईत तर अपडेटला हातच लावू नये.

नवा प्लगिन घ्यायचा असेल तर चातुर्मासात घ्या, तेव्हा मुहूर्त नसतात आणि हाताशी वेळ असतो. ट्रायलचे दिवस लगेच मोजायला सुरुवात होते, म्हणून आधी आपले सगळ्यात अवघड फोटो एका फोल्डरमध्ये काढून ठेवा: अंधारातला एक, जरीचा एक, हळदीचा एक, म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याचा एक. डाउनलोड त्यानंतर करा.