विद्यापीठाचा ग्रंथ आणि मोहन्याचा वाचक

विद्यापीठीय ग्रंथांचे संपादन आणि मुद्रितशोधन यांत माझ्या आयुष्याचा मोठा काळ गेलेला असल्यामुळे, एखाद्या विद्यापीठाने नवे ग्रंथ प्रसिद्ध केल्याचे वृत्त वाचले की प्रथम मनापासून आनंद होतो आणि पाठोपाठ त्या ग्रंथांच्या प्रती आता कोठे जाणार, ही चिंता उभी राहते. समारंभ यथासांग होतो. कुलगुरू अध्यक्षस्थान भूषवितात, विद्वानांची भाषणे होतात. परंतु कल्याण-कसारा मार्गावर आंबिवली स्थानकालगत असलेल्या आमच्या मोहन्यासारख्या गावी तो ग्रंथ कोणाच्या हाती पडेल काय, याचा विचार त्या सभागृहात सहसा होत नाही. माझ्या मते विद्यापीठाच्या प्रकाशनकार्याची खरी कसोटी येथेच आहे.

हे दुखणे आजचे नाही. डॉ. जॉन विल्सन यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्रावर जी व्याख्यानमाला सुरू झाली, तिची पहिली व्याख्याने रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ साली दिली. संस्कृत, पाली आणि प्राकृत यांच्यापासून मराठीसारख्या देशभाषा कशा क्रमाक्रमाने उत्क्रांत झाल्या, याचे इतके शास्त्रशुद्ध विवेचन आपल्या देशातील विद्वानाने तोपर्यंत क्वचितच केले असेल. त्यांतील काही भाग रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला, हे खरे. पण सर्व व्याख्याने एकत्र ग्रंथरूपाने वाचावयास मिळाली ती १९१४ साली, म्हणजे तब्बल ३७ वर्षांनी. विशीत ती व्याख्याने ऐकलेला विद्यार्थी तोवर साठीकडे झुकला असेल, आणि मधल्या पिढीला त्या विचारधनाचा लाभ नियतकालिकाच्या जुन्या अंकांतून जेवढा झाला तेवढाच. विद्वत्ता होती, विद्यापीठ होते, श्रोतेही होते. सभागृहातील शब्द बाहेर नेणारी व्यवस्था मात्र नव्हती.

याच्या उलट उदाहरण कोल्हापूरचे आहे, आणि त्याविषयी मला विशेष आदर वाटतो. १९६२ साली शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासाचे अभ्यासक. नव्या विद्यापीठापुढे इमारती, अध्यापकांच्या नेमणुका, संलग्न महाविद्यालयांचे तंटे असा प्रपंच उभा असताना त्यांनी करवीर राज्याच्या जुन्या दप्तरांकडे लक्ष दिले आणि ताराबाईकालीन कागदपत्रे संपादून विद्यापीठातर्फे खंडशः प्रसिद्ध केली. पुढे १९७८ पासून, डॉ. विलास संगवे यांच्या देखरेखीखाली, राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीचे मूळ कागद संपादित होऊन इंग्रजी खंडांच्या रूपाने बाहेर येऊ लागले. ज्याने असे काम केले आहे त्यालाच त्यातील कष्ट ठाऊक : बाड उलगडावयाचे, मोडी लिपीतील अक्षर लावावयाचे, हिजरी किंवा सुहूर सनाचा मेळ ख्रिस्ती तारखेशी घालावयाचा, ज्यांचे नाव केवळ एका पत्रात येते अशा कारकुनाची वा कमाविसदाराची ओळख पटवावयाची आणि मग प्रत्येक मुद्रितावर मुळाबरहुकूम नजर फिरवावयाची. अशा खंडाचा खप होण्यास वर्षे लागतात, म्हणून खाजगी प्रकाशक त्यात भांडवल गुंतवीत नाही. विद्यापीठाने प्रकाशक व्हावे ते याचसाठी.

१९६८ नंतर विद्यापीठीय पातळीवरील ग्रंथ प्रादेशिक भाषांत निर्माण व्हावेत म्हणून केंद्र सरकारने प्रत्येक राज्यासाठी एक कोटी रुपयांच्या अनुदानाची तरतूद केली, आणि आपल्याकडे नागपूर येथे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ काम करू लागले. हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु विज्ञानाचे उच्च शिक्षण इंग्रजीतूनच चालू राहिल्यामुळे त्या विषयांवरील मराठी ग्रंथांना त्यांचा विद्यार्थी कोठून मिळणार?

ग्रंथ अडतो कोठे, हे मी आतून पाहिले आहे. हस्तलिखित परीक्षकांकडे जाते, त्यांचा अभिप्राय प्रकाशन समितीपुढे येतो, मंजुरी मिळते, निविदा निघते. आणि अर्थसंकल्पातील तरतूद ३१ मार्चपूर्वी खर्ची पडली पाहिजे या धास्तीने, महिनोन्‌महिने पडून राहिलेले मुद्रिताचे काम शेवटच्या काही आठवड्यांत उरकले जाते. छपाईसाठी पैसा असतो, वितरणासाठी नसतो. किंमत अल्प ठेवलेली असल्यामुळे विक्रेत्याच्या पदरी कमिशनही अल्पच पडते, आणि तो माल ठेवण्यास राजी होत नाही. १९५४ च्या कायद्याने मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय धरून ठरावीक ग्रंथालयांना प्रती पोचविल्या की दाखल्यापुरते काम पुरे होते आणि उरलेले गठ्ठे भांडारात रचले जातात.

या भागात वाचक नाही, असे म्हणण्यास मात्र मुळीच आधार नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीस ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष डॉ. अक्षयकुमार काळे हे विद्यापीठातच मराठीचे अध्यापन केलेले गृहस्थ होते. मोहने तर नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्याच्या आधाराने वाढलेले कामगारांचे गाव. २००९ साली तो कारखाना बंद पडला, तरी येथील मुलामुलींचे महाविद्यालयांकडे जाणे थांबलेले नाही. बंद पडलेल्या गिरण्या, कामगार संघटना, विस्थापित संसार यांवर विद्यापीठांतून प्रबंध मंजूर होतात, त्यांचे ग्रंथही होतात. आणि ज्यांच्या आयुष्यावर ते लिहिले गेले त्यांच्याच घरात त्यांची वार्ता नसते. ही गोष्ट मला फार लागते.

म्हणून माझे विद्यापीठांना सांगणे आहे की, प्रकाशनाची तारीख मुक्रर करण्यापूर्वी जिल्ह्यातील अ, ब, क, ड या चारही वर्गांच्या मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठविण्याची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी, आणि वर्षातून एखादा तरी प्रकाशन समारंभ आपल्या सभागृहाबाहेर, मोहन्यासारख्या गावी, लेखकाला वाचकांसमोर बसवून करावा. वाचकांनाही एक विनंती आहे : आपल्या वाचनालयाच्या सूचनावहीत विद्यापीठाच्या एखाद्या ग्रंथाचे नाव लिहा आणि तो येईपर्यंत ग्रंथपालांकडे त्याची चौकशी करीत राहा.