आबांचे नॅट विमान

आमच्या आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक जुना डबा आहे. त्यात लाल प्लॅस्टिकचे विमान होते, अर्धे जोडलेले आणि अर्धे सुटे. आबा हवाई दलात फिटर होते. तिथल्या एका साहेबांच्या मुलाने ते अर्धवट टाकून दिले, ते आबांनी जपून करमाडला आणले. डब्यावर इंग्लंडच्या रेड अ‍ॅरोज या कसरती करणाऱ्या विमानांचे चित्र आहे. ते १९६५ ते १९७९ पर्यंत नॅट विमाने उडवीत. खऱ्या विमानापेक्षा हे बहात्तर पट लहान आहे.

मला वाटले, सुटे भाग चिकटवले की झाले. पण आबा म्हणले, "हे आपलं नाही. हे शिकाऊ विमान, ह्यात दोन खुर्च्या. आपल्याकडं एकाच खुर्चीचं नॅट होतं. बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनायचं. इवलंसं, पण लढाईचं."

मित्रांनो, निर्मलजीत सिंग सेखों यांचे विमान नॅटच होते. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या विमानतळावर शत्रूची सहा सेबर विमाने आली. बॉम्ब पडत होते तरी सेखोंनी उड्डाण केले आणि ते एकटे लढले. त्यात ते शहीद झाले. हवाई दलात परमवीरचक्र आजपर्यंत फक्त त्यांनाच मिळाले आहे. आबा हे सांगताना मध्येच गप्प होतात. मग मी पण काही विचारत नाही.

मी ठरवले की ह्या दोन खुर्च्यांच्या विमानाचे एका खुर्चीचे करायचे. पण त्यासाठी ते कापावे लागणार होते. दादा म्हणला, "कापू नको. असा जुना डबा आता मिळत नाही, शहरात कोणी पैसे देईल." आई पण म्हणली की आबांची आठवण आहे, राहू दे. कापल्यावर परत जोडता येत नाही हे मला पण कळत होते. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि हात थरथरतात, म्हणून त्यांना स्वतःला जमत नाही. मी दोन दिवस डबा उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी आबाच म्हणले, "काप रे. ट्रंकेत ठेवून तरी काय उडणार आहे?"

एका खुर्चीच्या नॅटचे पंख ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ६७३ सेंटीमीटर असतात, शिकाऊ विमानाचे ७३२. फरक ५९ सेंटीमीटर. त्याला ७२ ने भागले तर सुमारे आठ मिलिमीटर येतात. म्हणून दोन्ही पंखांची टोके चार चार मिलिमीटर कापली. आई ब्लेड हातात देईना, म्हणून हॅक्सॉचे तुटके पान फडक्यात गुंडाळून घेतले. ताईने विमान धरले. मागच्या खुर्चीच्या जागेतून एक सेंटीमीटरचा तुकडा काढला आणि दोन्ही भाग चिकटवले. भेग राहिली ती एम-सीलने भरली आणि पॉलिश पेपरने तीन संध्याकाळी घासली. घासायचे काम लई कंटाळवाणे आहे.

वैमानिकाच्या डोक्यावरची काच डब्यात नव्हती. आबांच्या मोठ्या गोळीच्या पाकिटाचा पारदर्शक फुगा बरोब्बर बसला. खुर्ची काडीपेटीच्या पुठ्ठ्याची केली. पंखाखालच्या इंधनाच्या टाक्या ज्वारीच्या धाटाच्या भेंडाच्या आहेत. शिकाऊ विमानाला तोफा नव्हत्या. लढाऊ नॅटला हवा आत घ्यायच्या दोन तोंडांजवळ एकेक ३० मिलिमीटरची तोफ असे. ३० ला ७२ ने भागले तर अर्धा मिलिमीटर पण येत नाही! म्हणून टाचण्यांची टोके मोडून बसवली, तरी जरा जाडच दिसतात.

चाकांचे दरवाजे मात्र आबांनी तीनदा काढायला लावले. नॅटला वेग कमी करायला वेगळी पट्टी नव्हती, चाके अर्धवट खाली सोडली की तोच ब्रेक. म्हणून ते दरवाजे नीट पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे.

सायकलच्या दुकानातला उरलेला चंदेरी रंग दिला. पेनाच्या टोपणाने गोल काढून बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा रंग भरला.

परवा विमान आबांच्या हातात दिले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले नाही. बोटाने नाक, काच, पंख चाचपत गेले. टाचणीचे टोक लागले तेव्हा बोट थांबले. "उजवी पण बसवली का?" म्हणले. मी हो म्हणलो. मग बराच वेळ त्यांनी विमान मांडीवरच ठेवले.

शेपटीचा डावा छोटा पंख डब्यात नाही, तो अजून करायचा आहे. पुढच्या महिन्यात आबांच्या डोळ्याचे ऑपरेशन आहे, त्याच्या आत झाला पाहिजे. कोणाकडे पातळ कडक प्लॅस्टिकचा तुकडा असेल तर चौथीच्या वर्गात आणून द्यावा. दोन बोटे रुंद पुरेल.