आबांचा पितळी सूक्ष्मदर्शक

कलाशाखेच्या मुलीने सूक्ष्मदर्शकावर लिहावे, याचे विज्ञानशाखेच्या मित्रांना हसू येईल. येऊ द्या! पवनारच्या आमच्या घरात शिसवी पेटीत एक पितळी सूक्ष्मदर्शक आहे. एका दवाखान्याने मोडीत काढलेला तो आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, विकत घेतला होता.

घोड्याच्या नालेसारखे जड बूड, त्यावर खांब, खांबाला नळी. नळीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या चकत्या. चकती फिरवली की आतले दातेरी चाक नळीच्या पाठीवरच्या दातेरी पट्टीवर चढते. पट्टीचे दाते तिरपे कापलेले आहेत; एक दाता सुटण्याआधी पुढचा धरतो, म्हणून नळी हिसका न देता सरकते. त्याखेरीज बारीक आट्यांचा एक वेगळा स्क्रू आहे. तो पुरा फेरा फिरवला तरी नळी जेमतेम केसभर हलते. खाली आरसा, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने खोलगट. पितळेवर लाखेचे रोगण आहे. दिवाळीत आजी तो चिंचेने घासायला निघाली, तेव्हा आबांनी घर डोक्यावर घेतले होते म्हणे!

आबा कुष्ठरोगाच्या दवाखान्यात तंत्रज्ञ होते. कानाची पाळी चिमटीत धरून बारीक छेद घ्यायचा, रस काचपट्टीवर पसरायचा, लाल रंग देऊन आम्लाने धुवायचा, मग निळा रंग. बाकी सारे निळे होते. हा जंतू तेवढा लाल राहतो. नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्ये तो शोधला, पण प्रयोगशाळेच्या बशीत तो आजवर कोणाला वाढवता आलेला नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाचे मोल इतके. हजारपट मोठे पाहताना तेलाचा थेंब घालतात. भिंग आणि काच यांत पोस्टकार्ड सरकेल एवढीही फट उरत नाही. तिथे मोठी चकती कामाची नाही. हात लावायच्या आधीच आबा बजावत, “काहून घाई करतं वो पोरी? काच फुटन नं!”

आमच्या वर्धा परिसराला हे यंत्र परके नाही. मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली ती १९३६ मध्ये. सेवाग्रामात गांधीजी परचुरेशास्त्रींना स्वतः मालीश करीत. १९४० चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: गांधीजी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून कुष्ठरोगाचे जंतू पाहत आहेत. आबा ते आम्हांला फार अभिमानाने दाखवत.

पण त्यांची खरी कसोटी घरातच लागली. त्यांच्या थोरल्या बहिणीला, आमच्या मोठ्या आईला, हा रोग झाला. सासरच्यांनी तिला एका नजरेत ओळखले आणि माहेरी आणून सोडले. तिने कित्येक वर्षे डॅप्सोनच्या गोळ्या घेतल्या. (१९८२ नंतरची बहुविध औषधे तिच्या वाट्याला आली नाहीत.) दवाखान्यात तिची पट्टी निर्मळ ठरली, तरी आबांनी ती घरी आणली. रात्री कंदिलाच्या उजेडाकडे आरसा वळवून तो बारीक स्क्रू फिरवीत बसले. एकेक जागा सरकवीत शंभर जागा पाहिल्या. लाल काडी एकही नव्हती.

सकाळी त्यांनी सासरी निरोप धाडला. तिकडून कोणी आले नाही.

मोठी आई शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. तिचा पितळी लोटा तिने कायम वेगळा ठेवला. आजी तो इतर भांड्यांत घासायला घेई, तेव्हा मोठी आई रागावून तो तिच्या हातातून ओढून घ्यायची.