दुखणं सांगता न येणाऱ्यांचा दवाखाना

बौद्धिक अक्षमता असलेला माणूस आपल्याकडे डॉक्टरांसमोर येतो तो बहुतेक वेळा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी. बुद्ध्यांक मोजला जातो, रोजच्या व्यवहारातली कुवत तपासली जाते. सौम्य असेल तर ५० टक्के, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १०० असा आकडा पडतो आणि यूडीआयडी कार्ड निघतं. ते कार्ड लागतंच. एसटीच्या सवलतीपासून संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानापर्यंत घरच्यांचा त्यावर हक्क आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या दिवशी तो माणूस डॉक्टरच्या टेबलासमोर बसलेला असतो, आई दिवसाची मजुरी पाडून सोबत आलेली असते, आणि तरी त्याचे कान, दात, थायरॉईड, रक्तदाब कोणी बघत नाही. बुद्धी मोजून झाली की तपासणी संपली, असं सगळेच धरून चालतात. घरचेसुद्धा.

मी भंडाऱ्यात फिजिशियन म्हणून काम करते. तुमसर-मोहाडीकडून, लाखनी-साकोलीकडून, पवनी-लाखांदूरकडून असे पेशंट माझ्याकडे येतात आणि अशाच प्रौढ मुलांच्या एका कार्यशाळेत मी नेमाने तपासणीला जाते. इतक्या वर्षांत मनाशी एक गोष्ट पक्की झाली आहे. ही माणसं बौद्धिक अक्षमतेने मरत नाहीत. ती न्यूमोनियाने, झटक्यांनी, तुंबलेल्या आतड्याने, न ओळखलेल्या मधुमेहाने जातात. म्हणजे तुमच्या-माझ्या आजारांनीच, फक्त फार लवकर.

हे केवळ माझ्या अनुभवाचं बोलणं नाही. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने नैऋत्य इंग्लंडमधल्या अशा २४७ माणसांच्या मृत्यूंचा एकेक करून तपास केला. २०१३ साली आलेल्या त्या अहवालानुसार बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा सरासरी १३ वर्षं आणि स्त्रिया २० वर्षं आधी मरत होत्या. यातले ३७ टक्के मृत्यू चांगल्या उपचारांनी टळण्याजोगे होते. इतर लोकांत हेच प्रमाण १३ टक्के. ज्या देशात औषधपाणी सरकारी खर्चाने होतं तिथली ही गोष्ट. आपल्याकडे असा हिशेब मांडायचा म्हटलं तर हातात काय आहे? २०११ च्या जनगणनेत देशभरात अशा माणसांची संख्या सुमारे १५ लाख नोंदली गेली. ती कशाने आजारी पडतात, हे सांगणारा रकाना त्या जनगणनेत नव्हता.

आजार निसटतो कसा, ते एका पेशंटवरून सांगते. पस्तिशीतला गडी, बोलणं दोन-चार शब्दांचं. आधी धुऱ्यावरून बैल वळवून आणायचा, गोठा झाडायचा. काही महिन्यांपासून स्वतःच्या डाव्या गालावर थापडा मारायला लागला, रात्री झोपेना, एकदा ताट भिरकावलं. एका ठिकाणी चिडचिडीच्या गोळ्या सुरू झाल्या, मग वाढवल्या गेल्या. माझ्याकडे आला तेव्हा तो पेंगत होता, तोंडातून लाळ गळत होती आणि हात मात्र गालावरच जात होता. मी आईला विचारलं, हे कधी जास्त होतं? ती म्हणाली, "आदी असा नोहता जी. गरम वरन तोंडात गेलं का गालावर मारून घेते."

निदान त्या वाक्यातच होतं. पण तोंड उघडून दाखवायला तो तयार नव्हता. आम्ही बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. टॉर्च त्याच्या हातात दिला. त्याने आधी माझ्या तोंडात उजेड पाडून पाहिला, मग आईच्या, आणि मग स्वतःच आ केला. खालची दाढ पूर्ण किडलेली, हिरडी पू भरून सुजलेली. भूल देऊनच दाढ काढावी लागणार होती, म्हणून नागपूर गाठावं लागलं. साठेक किलोमीटर आणि ऐन रोवण्याचे दिवस. दाढ निघाली, गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. आता तो पुन्हा बैलांच्या मागे असतो.

अशा वेळी काय होतं, हे वैद्यकशास्त्राला १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे. डॉक्टरला आधी अक्षमता दिसते आणि प्रत्येक लक्षण तिच्याच खात्यावर जमा होतं. मारतो, कारण तो तसाच आहे. जेवत नाही, कारण ती तशीच आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांत थायरॉईड मंदावणं इतकं नेहमीचं आहे की दर वर्षी रक्त तपासायला हवं. पण चाळिशीतली बाई सुस्त झाली, बोलेनाशी झाली, अंग सुजलं, तर घरचे म्हणतात, वय झालं तिचं. शंभर-दोनशे रुपयांच्या टीएसएच चाचणीने आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या एका गोळीने बोलती झालेली बाई मी पाहिली आहे. जन्मतः हृदयदोष डाऊनच्या जवळपास निम्म्या बाळांत असतो. मोतिबिंदू लवकर येतो, ऐकू कमी येतं. आणि बद्धकोष्ठ! ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बोलता न येणाऱ्या माणसाचा जीव त्याने जातो. पोट किती दिवसांत साफ झालं नाही, हा प्रश्न मी प्रत्येक आईला विचारते आणि प्रत्येक विद्यार्थ्याने विचारावा असं मला वाटतं.

वागण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवं. मानसिक आजार नसताना केवळ माणूस आवरावा म्हणून दिलेली औषधं कमी करण्यासाठी इंग्लंडमध्ये २०१६ पासून मोहीम चालू आहे. आपल्याकडे या गोळ्यांचा आणखी एक धोका आहे तो उन्हाचा. यातली काही औषधं शरीराचं तापमान सांभाळण्याची यंत्रणा बिघडवतात. झटक्यांवरच्या काही औषधांनी घाम कमी येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत बसलेला, तहान लागली हे सांगू न शकणारा, या गोळ्या खाणारा माणूस उष्माघाताच्या किती जवळ असतो? याचं उत्तर युरोपातल्या संशोधनात मिळणार नाही. ते विदर्भातच शोधावं लागेल.

लहान मुलांसाठी काहीतरी यंत्रणा उभी आहे, हे कबूल करायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत जातात, जन्मजात व्यंग आणि विकासातला विलंब हुडकतात आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. हे सगळं १८ व्या वर्षापर्यंत. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आता मोठा झाला. आणि मोठ्यांचे डॉक्टर म्हणतात, हा मानसोपचाराचा पेशंट. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजारातून स्पष्ट वगळलं आहे, तरी कागद फिरतो तो त्याच खोलीकडे. मधल्या काळात शाळाही सुटलेली असते. घरची ओसरी, टीव्ही, वाढतं वजन. इंग्लंडमध्ये १४ वर्षांपुढच्या अशा प्रत्येकाला दर वर्षी पूर्ण तपासणीचा हक्क आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर, वजन आणि झटक्यांच्या गोळ्या एवढं तर होतंच. वर्षातून एक दिवस या माणसांच्या नावाने ठेवायला नवी इमारत लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, बाह्यरुग्ण उपचारही त्यात, आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. गावात विचारलं तर नाव ऐकलेले पालक क्वचित भेटतात. आशाताईंच्या बैठकीत हा विषय आला पाहिजे.

आता सिकलसेल. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सांधे दुखतात, रक्त कमी होतं, हे लोक जाणतात. पण सिकलसेलच्या मुलांत मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबून असे आघात होऊ शकतात की हात-पाय लुळे पडत नाहीत, बाहेरून काही दिसत नाही. फक्त पोर वर्गात मागे पडत जातं. पालक म्हणतात, लक्षच देत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी केली तर पक्षाघाताचा धोका आधी कळू शकतो.

याच आजारात संशोधन घरात आलं की काय घडतं, तेही आपण पाहिलं आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्याच मुलांवर हायड्रॉक्सीयुरियाच्या कमी, ठरावीक मात्रेचा अभ्यास केला. किलोमागे १० मिलिग्रॅम. २०१२ साली तो प्रसिद्ध झाला आणि त्या मात्रेनेही मुलांचे दुखण्याचे झटके कमी होतात हे दिसलं. परदेशात मात्रा वाढवत नेण्याची रीत, त्यासाठी वरचेवर तपासण्या. आपल्या गावांना झेपेल असा रस्ता आपल्या मुलांना अभ्यासात घेतलं म्हणून सापडला.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांना मात्र संशोधनाच्या दारातच थांबवलं जातं. औषधाच्या चाचणीचा मसुदा उघडा. कोणाला घ्यायचं नाही, या यादीत ती असतात. याचं सर्वांत बोचणारं उदाहरण अल्झायमरचं. त्या आजारात मेंदूत साठणारं अमिलॉइड प्रथिन ग्लेनर आणि वाँग यांनी १९८४ साली वेगळं काढलं, तेव्हा डाऊन सिंड्रोमच्या माणसांच्या मेंदूतही तेच प्रथिन असल्याचं दाखवलं. ते बनवणारा जनुक २१ व्या गुणसूत्रावर निघाला, जे डाऊनमध्ये दोनाऐवजी तीन असतात. म्हणून त्यांना हा आजार इतरांपेक्षा कितीतरी लवकर गाठतो. ज्यांच्या शरीराने धागा दाखवला, त्यांना त्याच अमिलॉइडवरच्या लेकानेमॅब आणि डोनानेमॅब या नव्या औषधांच्या मुख्य चाचण्यांतून वगळलं गेलं. औषध बाजारात आलं, आणि त्यांना ते द्यावं की नाही याचा पुरावाच नाही.

वगळण्यामागे एक भीती आहे आणि ती खरी आहे. न्यूयॉर्कच्या विलोब्रूक संस्थेत १९५० च्या दशकापासून अशा मुलांना मुद्दाम कावीळ लावून प्रयोग केले गेले. आणि आपल्या राज्यात १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींच्या गर्भपिशव्या पुण्याच्या ससून रुग्णालयात काढल्या गेल्या; कारण काय, तर पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा ते थांबलं. माझ्याकडे आजही आया दबक्या आवाजात तेच विचारतात. मी रागावत नाही, त्यांची दमछाक मला दिसते. पिशवी काढल्याने मुलीवर अत्याचार व्हायचा धोका कमी होत नाही. झालेला अत्याचार कळायची एक खूण तेवढी नाहीशी होते, हे मी त्यांना सांगते. कॅलेंडरवर लाल टिकली लावून, तीच ती कृती रोज दाखवून बऱ्याच मुली पाळी सांभाळायला शिकतात. शिकवायला महिने लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आता संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही शस्त्रक्रिया करायला मनाई केली आहे.

त्याच कायद्याचं सहावं कलम संशोधनाबद्दल आहे, आणि ते फार कमी डॉक्टरांनी वाचलं आहे. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा रीतीने सांगून मोकळेपणाने दिलेली संमती हवी. शिवाय सरकारने नेमलेल्या समितीची आधी परवानगी हवी, आणि त्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे हवेत. हे कलम दार बंद करण्यासाठी नाही. कसं आत घ्यायचं, ते त्यात सांगितलं आहे. पण चित्रं काढून, दोन-तीन बैठका घेऊन, नकाराची खूण ओळखून संमती मिळवणं कष्टाचं. त्यापेक्षा यादीतून नाव वगळणं सोपं, आणि तेच होत राहतं.

मुलांच्या मेंदूविकासाच्या विकारांचा देशातला मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, तो पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा इथे झाला होता. विदर्भ त्यात नव्हता. नऊ वर्षांपुढचं कोणी नव्हतं.

२०२४ साली भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. माझी आशा तिथे आहे. तिथे शिकणारी मुलं पुढच्या काही वर्षांत वॉर्डात येतील. त्यांच्या हाताखालून कार्यशाळेतला एखादा पेशंट गेला, बाकावर बसून, टॉर्च त्याच्या हातात देऊन तपासणी कशी करतात हे त्यांनी एकदा पाहिलं, तर पुढे ज्या गावात ती जातील तिथे हे काम आपोआप पोचेल. आणि एमडीच्या प्रबंधांसाठी विषय हवेच असतील.

ते विषय ठरवताना पालकांना विचारावं म्हणून आम्ही कार्यशाळेत बैठक घेतली. मला वाटलं होतं, बुद्धी वाढवायच्या औषधाबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं ते असं: उन्हाळ्यात झटके का वाढतात? गोळ्यांनी वजन वाढतं, तर कोणती गोळी कमी वाढवते? दात काढायला नागपूरला न जाता इथे भूल मिळेल का? रात्री झोपत नाही, त्यावर गोळीशिवाय काही आहे का? एका मुलीने स्वतः हात वर करून सांगितलं की सुई टोचायच्या आधी सांगत जा.

हे प्रश्न आम्ही लिहून काढले आहेत. त्यावरून साध्या मराठीत, चित्रांसह एक प्रश्नावली तयार होते आहे. १८ वर्षांपुढच्या माणसांसाठी, गावनिहाय, आधी दोन तालुक्यांत. तिचं पहिलं वाचन कार्यशाळेतल्या मुलांसमोरच करायचं ठरलं आहे. जिथे त्यांना कळणार नाही तिथे वाक्य बदलायचं, आणि सुईच्या प्रश्नाला पहिल्या पानावर जागा द्यायची.