गाडी आणि गडी

गणिताच्या पुस्तकातले व्यापारी मोठे भाग्यवान! ते आंबे घेतात, आंबे विकतात आणि शेवटच्या पानावर त्यांचा नफा छापलेला असतो. आंबे विकण्यात जो दिवस गेला त्याची मजुरी कोणी विचारीत नाही. एखाद्या चौकस पोराने विचारली, तर मास्तरांनी काय उत्तर द्यावे?

हा प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नाही. तो विचारला गेला आमच्या शेजारच्या घरी, एका मालट्रकचा हिशेब चालू असताना.

आमचे गाव कराडजवळचे. शेजारी आपल्याच गाडीवरचा ड्रायव्हर. मालकही तोच, नोकरही तोच. दहा चाकी गाडी. कपाळावर 'आईचा आशीर्वाद', खाली लिंबू-मिरची. जाताना वाशीच्या बाजारात गूळ टाकायचा, येताना कळंबोलीहून लोखंड भरायचे. गेल्या दसऱ्याला गाडीला झेंडूच्या माळा चढल्या आणि दोन दिवसांनी त्याने मला चहाला बोलावून पुढ्यात वही ठेवली.

"गुरुजी, दुसरी गाडी घ्यावी म्हणतो. तिच्यावर ड्रायव्हर ठेवीन. एका गाडीवर घर चालतंय, दोन झाल्या की बरकत येईल."

म्हणजे सरळ त्रैराशिक! १९७६ साली गदगला एका ट्रकवर धंदा सुरू करणाऱ्या विजय संकेश्वरांची गोष्ट त्याला तोंडपाठ होती. पुढे त्यांच्या गाड्या हजारांच्या घरात गेल्या. मग एकाच्या दोन व्हायला काय हरकत?

आम्ही आकडे मांडले. जातानाचे भाडे १६,५००, येतानाचे १४,५००; फेरीला ३१,००० रुपये. ऐकायला किती गोड! पण जाऊन येऊन ६०० किलोमीटर आणि लिटरला चार किलोमीटर, म्हणजे १५० लिटर डिझेल. ते साडेतेरा हजारांचे. तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे करीत टोल चार हजार. ट्रान्सपोर्टवाल्याचे कमिशन, हमाली, जेवणखाण अडीच हजार. हाती राहिले ११,०००. महिन्याला अशा सात फेऱ्या धरल्या, तर ७७,०००.

शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर दिवाळी आधीच आली. पण वहीचे पान अजून उलटायचे होते. बँकेचा हप्ता ४२,०००. दहा टायर दोन लाखांचे, ते वीस महिने पळतात. म्हणजे महिन्याला दहा हजारांचे रबर रस्त्यावर झिजते. विमा, कर आणि पासिंग सात हजार. दुरुस्ती सात हजार. बेरीज ६६,०००. शिल्लक ११,०००.

"आणि महिन्यातून एकदा परतीचा माल मिळाला नाही तर?" मी विचारले.

तो हसला. रिकामी गाडी डिझेल थोडे कमी पिते इतकेच. टोल कोणी सोडीत नाही. एका रिकाम्या फेरीत महिन्याची शिल्लक गडप!

दाराशी वाती वळीत बसलेल्या वहिनी मघापासून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, नव्या गाडीवरचा ड्रायव्हर पगार किती घेईल?"

"वीस हजार तरी."

"मग या वहीत ह्यांचा पगार कुठं आहे?"

कोणीच बोलले नाही. उत्तर सरळ होते. पहिल्या गाडीची शिल्लक हा नफा नव्हताच. ती त्याचीच मजुरी होती आणि तीसुद्धा अर्धीच. दुसऱ्या गाडीवर पगारी गडी बसला की पहिल्याच महिन्यापासून नऊ हजार खिशातून घालायचे! हप्ते फिटले की गाडी आपली होते हे खरे. पण ती आठ वर्षांची झाली की पासिंग दर वर्षी करावे लागते. माणसाने पन्नाशीनंतर डॉक्टरकडे जावे तसे.

सरकारलाही या धंद्यात 'समजा' म्हणण्याचा मोह आवरला नाही. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाला वह्या न ठेवता कर भरण्याची सोय आयकर कायद्यात झाली. २०१८ साली त्यात ठरले की बारा टनांहून जड गाडी मालासकट जितक्या टनांची, तितके हजार रुपये तिचे दरमहा उत्पन्न मानायचे. याच वर्षी अशा दहा चाकी गाडीची मर्यादा २५ वरून २८.५ टनांवर गेली. म्हणजे कागदावर मिळकत २८,५०० आणि वहिनींच्या वहीत ११,०००!

पन्नास गाड्यांचा मालक याच रस्त्याने जातो, पण त्याचे गणित निराळे. तो ड्रायव्हरचा पगार आधी लिहितो आणि नफा मग मोजतो. दोन्ही टोकांना त्याची माणसे असल्याने परतीचा माल आधीच ठरतो. टायर तो घाऊक घेतो. एक गाडी खोटी झाली, तर उरलेल्या एकोणपन्नास तिचे पोट भरतात. एका गाडीवाल्याजवळ यातले काही नसते. तो बाजारात टिकतो तो आपली झोप स्वस्तात विकून.

दुसऱ्या गाडीचा बेत मागे पडला. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर 'श्री' काढून वहिनींनी खर्चाच्या बाजूला पहिली ओळ लिहिली : ड्रायव्हरचा पगार, २०,०००.

"एवढं भाड्यात बसलं नाही तर?" शेजारी कुरकुरला.

"तर कोणाच्या अंगावर भागतंय ते तरी दिसेल!"

वर्ष होत आले. ती ओळ दर महिन्याला भरून निघते असे नाही. पण पडेल भाव सांगणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला त्याने यंदा दोनदा 'नाही' म्हटले, आणि त्यासाठी एक रात्र कळंबोलीला गाडीतच काढली.

वाचकहो, आता घरोघर फराळाचा खर्च मांडला जाईल. रवा, बेसन, तूप, साखर सारे वहीत येईल. बेरीज झाली की पेन लगेच मिटू नका. पहाटे चारला उठून चकल्या तळणारीचे नाव त्या वहीत कोठे आहे, तेवढे एकदा पाहा.